सणालाच रुसणारा ऑर्गन

या आठवड्यात कारखाना सुरू झाला. सकाळी दार उघडलं की वाऱ्यावर मळीचा आंबूस-गोड वास येतो. उसाच्या ट्रॉल्या एकीमागून एक डुलत जातात आणि त्यांच्यातून पडलेली हिरव्या शेंड्यांची वाढं चघळत शेळ्या रस्त्याच्या कडेनं चालतात. कालव्याला पाणी सुटलंय. गच्चीवर तुरीच्या शेंगा वाळत पडल्यात. माजलगावात हिवाळा असा नाकाला आणि कानांना कळतो. मला मात्र तो पायांत कळतो. टेबलाशी भाजी निवडत बसलेली असते आणि टेबलाखाली माझी पावलं आपोआप डावी-उजवीकडे सरकायला लागतात, तिथं नसलेल्या पट्ट्या चाचपतात. परवा ह्यांनी ते पाहिलं आणि पेपर खाली ठेवून म्हणाले, "झालं. नाताळ जवळ आला."

मी जन्माची सिस्टर. सरकारी दवाखान्यात नोकरी केली, निम्म्या गावाला सुया टोचल्या, कित्येकांच्या नाळा कापल्या. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी भाजीवालीसुद्धा सिस्टरच म्हणते. ऑर्गन वाजवणारी बाई ही माझी ओळख फार उशिराची. तीही जवळजवळ पुसली गेली होती, अशाच एका हिवाळ्यात.

आमचं चर्च लहान आहे. दगडी भिंती, वर पत्रा, आत दोन रांगांत बाकं. आजी-आजोबांच्या काळापासून आम्ही हार्मोनियम आणि ढोलकीवर भजनं गात आलो. मग एका मोठ्या शहरातल्या चर्चनं नवा ऑर्गन घेतला आणि त्यांचा जुना, विजेवर चालणारा, आम्हाला भेट दिला. गोधड्यांत गुंडाळून तो टेम्पोतून आला तेव्हा बाळंतीण घरी यावी तशी गर्दी जमली होती. एकावर एक अशा दोन मजली पट्ट्या, खाली पायांनी दाबायच्या लांब लाकडी पट्ट्या, आणि वेगळा असा कपाटाएवढा स्पीकर. सगळ्यांनी हात लावून पाहिला. वाजवता कुणालाच येईना.

नर्सिंगच्या शिक्षणात असताना वसतिगृहाच्या वॉर्डनबाईंनी मला पियानोवर थोडंफार शिकवलं होतं. त्यानंतर कित्येक वर्षं पट्टीला बोट लागलं नव्हतं. "मला जरासं येतं," असं मी म्हणाले आणि म्हटल्याबरोबर जीभ चावली. पण तोवर स्टूल पुढं सरकवलं गेलं होतं.

पायांनी वाजवायला मी म्हातारपणी शिकले. चपला काढून, मोजे घालून, दुपारच्या रिकाम्या चर्चमध्ये. डाव्या टोकाची सगळ्यात लांब पट्टी पहिल्यांदा दाबली तेव्हा आवाज कानांना नंतर आला. आधी तो स्टुलाच्या लाकडातून माझ्या पाठीत आला, मग खिडकीच्या काचा थरथरल्या, मग कानांना कळलं. मी पाय उचलला आणि पुन्हा तीच पट्टी दाबली. एवढा मोठा आवाज आपल्या पायाखालून निघू शकतो, हे मला कुणी आयुष्यात सांगितलं नव्हतं.

पहिलं वर्ष छान गेलं. गायनमंडळात माणसं वाढली, बारा झाली. त्यांना उभं राहायला समोरचा लाकडी मंच अपुरा पडायला लागला, म्हणून तो वाढवून घेतला. मंचाच्या डावीकडे खाली फरशीवर ऑर्गन, उजवीकडे ते स्पीकरचं कपाट, आणि मध्ये मंचावर बाराजण. दिसायला फार देखणं दिसायचं.

आणि मग ते सुरू झालं.

ईस्टरच्या सकाळी, पहिल्याच गाण्यात, स्पीकरमधून एकदम "भोंऽऽऽ" असा आवाज फुटला. भुंग्यांचं पोळंच कपाटात शिरल्यासारखा. मी बटणं दाबली, बंद केला, सुरू केला. लोक खाली बसले आणि भोंगा थांबला. पुढच्या रविवारी मी भीत भीत वाजवला तर एकदम गुणी बाळ. त्याच्या पुढच्याही रविवारी. मग सुगीच्या उपकारस्तुतीला, वेदीपाशी कणसं आणि भोपळे मांडलेले असताना, पुन्हा "भोंऽऽऽ".

साध्या रविवारी बरा आणि सणाला घात, असा त्याचा शिरस्ताच झाला. रस्त्यापलीकडच्या हॉटेलात लोक म्हणायचे, "कारखान्याचा भोंगा चर्चात बसवला की काय?" आपल्यातलेही हसायचे. मीही हसायचे. पण घरी आल्यावर हात धुताना ते हात मी उलटसुलट करून पाहायचे.

शहरातून एक कारागीर आला. त्यानं मागची फळी उघडली, दिवसभर तपासलं, स्वतः वाजवून पाहिलं. ऑर्गन इतका सुरेख वाजला की मला राग आला. जाताना तो आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना हळूच म्हणाला, पण मला ऐकू आलं, "मशीन ठीक आहे. वाजवणाऱ्याकडून काहीतरी दाबलं जात असेल."

ते वाक्य गावभर पसरायला वेळ लागला नाही. आणि खरं सांगते, मलाही ते पटायला लागलं होतं. तान्ह्या बाळाच्या केसाएवढ्या शिरेत सुई घालताना जे हात हलले नाहीत, ते आता सणाच्या दिवशी पट्टीवर ठेवताना हलायचे. भोंगा होईल म्हणून हात हलतात, की हात हलतात म्हणून भोंगा होतो, हे मला सांगता येईना.

मग साळवे गुरुजींच्या मुलीचं लग्न आलं. गुरुजी म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचमंडळाचे प्रमुख. शाळेतून निवृत्त, कडक इस्त्रीचा सदरा, गायनमंडळात खर्जाचा आवाज. एकुलती एक मुलगी. नवरी वडिलांच्या हाताला धरून दारातून आत आली, तिला मान द्यायला गायनमंडळ उभं राहिलं, मी पहिला सूर धरला आणि "भोंऽऽऽ". वऱ्हाडाच्या बाकांवर हशा पिकला. नवरी थबकली. गुरुजी मात्र चालत राहिले, तोंडावरची रेषही न हलवता. त्यांच्या कानशिलावर ताणलेली शीर मला ऑर्गनपाशी बसून दिसत होती.

नोव्हेंबरच्या शेवटी पंचमंडळाची बैठक झाली. गुरुजींनी आवाज चढवला नाही. ते म्हणाले, "सिस्टर, तुमच्यावर माझा राग नाही. पण नाताळला आजूबाजूच्या गावांतून माणसं येतात, जावई-पाहुणे येतात. त्यांच्यासमोर मी पुन्हा आपलं हसं होऊ देणार नाही. एक छोटा कीबोर्ड आणू. त्यात तबल्याचे ठेके आयते असतात. हा ऑर्गन काढून टाकू."

"नाताळपर्यंत थांबा," मी म्हणाले.

"थांबून काय होणार?"

पाळकसाहेबांनी मधला मार्ग काढला. नाताळच्या आदल्या रविवारपर्यंत दोष सापडला तर ऑर्गन राहील, नाही सापडला तर जाईल.

घरी येऊन मी एक जुनी वही काढली. तापाचा रोगी आला आणि ताप कशाचा ते कळेना, तर आम्ही काय करायचो? ताप कधी चढतो, कधी उतरतो, रोगी काय खातो, कुठं झोपतो, सगळं लिहून ठेवायचो. मी तसंच केलं. ऑर्गन ज्या ज्या दिवशी ओरडला तो प्रत्येक दिवस आठवून लिहिला. थंडी होती की ऊन. लाईट कमीजास्त होत होती की नाही, कारण रब्बीत शेतीपंप सुरू झाले की गावातले दिवे मिणमिणतात. उंदीर, ओल, सगळं लिहिलं. कोणतं गाणं, कोणत्या पट्ट्या, कोण हजर. शेवटच्या रकान्यात मी लिहिलं, "माझे हात." आणि प्रत्येक ओळीपुढे "थरथरत होते" असं प्रामाणिकपणे भरलं.

वही घेऊन मी रफीकचाचांकडे गेले.

बसस्टँडच्या मागं चाचांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. होतं म्हणजे अजून आहे, पण आता कुणी रेडिओ आणत नाही आणि टीव्ही बिघडला की लोक नवा घेतात. दुकानात मिक्सर आणि पंखे जास्त. मोठ्या भिंगाचा चष्मा, दाढी मेंदीनं लाल, बोटांना कायम सोल्डरच्या राळेचा वास. त्यांच्या बायकोच्या आजारपणात मी घरी जाऊन सुया द्यायचे, तेव्हापासूनची ओळख.

"चर्चचं बाजा?" ते म्हणाले. "सिस्टर, मी आजवर ते मशीन उघडून पायलं न्हाई. पण लाईट तर तीच हाय ना, जी माझ्या दुकानात येती? चला."

चार दिवस ते रोज दुपारी यायचे. ऑर्गनच्या मागं मांडी घालून बसायचे आणि मी वाजवायची. झाकण उघडल्यावर आतल्या धुळीला एक वेगळाच वास होता, जुन्या कपाटाचा आणि तापलेल्या तारेचा. बाहेर उन्हात कुणाची तरी ज्वारी झोडपल्याचा आवाज यायचा. चाचा एकेक सांधा सोल्डरच्या तापत्या कावियानं डागायचे, "बजाव" म्हणायचे, मी वाजवायची. एकदाही तो ओरडला नाही. चार दिवस!

चौथ्या दिवशी त्यांनी चष्मा काढून पुसला. "हे मला तोंडच दाखवत न्हाई, सिस्टर. रोगी समोर बसलाय अन् रोग घरी ठिवून आलाय."

मला रडू फुटलं. मी म्हणाले, "चाचा, माझे हातच असतील. सोडून द्या."

बाकावर पडलेली माझी वही त्यांनी उचलली. मराठी वाचायला त्यांना वेळ लागतो. ओठ हलवत, बोट फिरवत त्यांनी पान संपवलं, मग उलटं वरपर्यंत गेले.

"तुमचे हात आज बी थरथरत होते," ते म्हणाले. "मी पायलं. मंग आज कावून न्हाई वरडलं?"

त्यांनी वही माझ्यापुढं धरली.

"अन् हे बगा. ह्यात एक बी दिवस असा न्हाई, जवा तुमी एकट्या होता अन् हे वरडलं. दर वेळी लई माणूस. हाय का न्हाई?"

मी वही ओढून घेतली. खरंच होतं. ते मीच लिहिलं होतं आणि मलाच दिसलं नव्हतं. थंडी असो की ऊन, लाईट असो की मिणमिण, "कोण हजर" या रकान्यात दर वेळी एकच शब्द होता, "सगळे". मी सगळा वेळ माझ्या हातांच्या रकान्याकडे बघत राहिले होते.

"माणसं बोलवा," चाचा म्हणाले. "सगळे. जसे सणाला असतात तसे."

शनिवारी दुपारी गुरुजी सोडून सगळं गायनमंडळ जमलं. तालमी आम्ही हार्मोनियमवर, मंडळातल्या रूथमावशींच्या अंगणात उन्हाला बसून करतो, त्यामुळे सगळेच्या सगळे चर्चच्या मंचावर फक्त सणालाच जायचे. कुणी कापूस वेचून तसेच आलेले, केसांत पांढरे तंतू. कुणी शाळेतून, कुणी दळण गिरणीत ठेवून. मंचावरच्या बाकांवर बसले. मी वाजवलं, त्यांनी गायलं. ऑर्गन स्वच्छ, गोड वाजला. दुसरं गाणं घेतलं, तेही गोड. चाचांचा चेहरा उतरला. माणसं एकमेकांकडे बघायला लागली, आणि त्यांच्या मनात काय चाललंय ते मला न सांगताही कळत होतं.

"सणाला असंच बसून गाता का?" चाचांनी सहज विचारलं.

"नाही हो, बसून कसं?" रूथमावशी म्हणाल्या. "उभं राहून."

"मंग उभं ऱ्हावा की!"

अकराजण उभे राहिले. मी दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले.

"भोंऽऽऽ!"

"या अल्ला!" चाचा अक्षरशः उडाले. "बोललं! बोललं! कुणी हलू नगा!"

त्या भोंग्याचा इतका आनंद याआधी कुणाला झाला नसेल. सगळे पुतळ्यासारखे उभे, कुणी हसू दाबतंय, कुणाच्या डोळ्यांत पाणी. कान किटून जात होते आणि चाचा त्या आवाजात हातवारे करत एकेकाला खाली बसवत होते. पहिला बसला, भोंगा तसाच. दुसरी बसली, तसाच. सातव्या रूथमावशी. त्या बसल्या मात्र, चर्च चिडीचूप.

"उठा," चाचा म्हणाले.

त्या उठल्या. "भोंऽऽऽ!"

"बसा."

शांत.

"म्हणजे ते भूत मीच का रे बाबा?" रूथमावशींनी कपाळाला हात लावला आणि मग जो हशा उसळला, तो मला आजही तसाच्या तसा ऐकू येतो. चर्चमध्ये इतकं मनापासून मी कधी हसले नव्हते.

चाचांनी मावशींना बाजूला केलं आणि त्या उभ्या होत्या त्या फळीवर स्वतःचा पाय दाबला. भोंगा. पाय उचलला, शांतता. दाबला, उचलला, दाबला. म्हातारा नाचतच होता म्हणा ना. मग त्यांनी ती फळी उचकटली. खाली, ऑर्गनपासून स्पीकरच्या कपाटापर्यंत जाणारी वायर मंचाखालून गेली होती. फळीचा एक लांब खिळा आरपार उतरून तिला घासून बसला होता. कुणी वर उभं राहिलं की फळी दबायची, खिळा वायरीत रुतायचा. वरचं रबर फाटलं होतं आणि आतली तारांची जाळी तुटून बाहेर आली होती. बोटाच्या पेराएवढी जागा. साध्या रविवारी मंडळातले तिघं-चौघं मंचाच्या कडेला उभे राहायचे, मधल्या फळीवर सणालाच पाय पडायचा.

मी खाली गुडघ्यांवर बसले आणि ती तुटकी जाळी दोन बोटांत धरून पाहत राहिले. किती महिने मी स्वतःचे हात धुऊन धुऊन पाहिले होते! माणूस एकटा असताना अगदी ठणठणीत असतो आणि चारचौघांत गेला की त्याला झटका येतो, असे रोगी मी दवाखान्यात पाहिले होते. त्यांच्यावर लोक विश्वास ठेवत नाहीत. नाटक करतो म्हणतात. मीसुद्धा कधीतरी म्हटलं असेल.

खडखडाट ऐकून साळवे गुरुजी आत आले. मंचाची फळी उचकटलेली पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या. चाचांनी खिळा पकडीत धरून त्यांना दाखवला आणि कुठं काय होत होतं ते सांगितलं.

गुरुजींनी खिळा तळहातावर घेतला. उलटून पाहिला.

"मंच वाढवला तेव्हा सुतारापाशी मी उभा होतो," ते म्हणाले. "फळी हलत होती. इथं लांब खिळा मार, असं मीच सांगितलं."

त्यांनी ते सांगितलं नसतं तर कुणालाही कधी कळलं नसतं. सुतार तर केव्हाच पुण्याकडे गेला होता.

"माझ्या पोरीच्या लग्नात माझाच खिळा ओरडला," ते म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळले. शाळेत शिकवायला उभे राहायचे तसे सरळ उभे राहिले. "सिस्टर, तुमचे हात चुकतात असं मी चारजणांपाशी बोललो होतो. त्या चौघांना मी आजच भेटून येतो."

मला म्हणायचं होतं की जाऊ द्या हो गुरुजी. पण मी ते म्हणाले नाही. त्यांनी जाऊन यावं असं मला मनापासून वाटत होतं, आणि ते गेलेही. संध्याकाळी चौथ्या घरून परतताना माझ्या दारावरून "झालं" एवढंच सांगून गेले.

चाचांनी नवी वायर पाईपात घालून भिंतीवरून, खिडकीच्याही वरून नेली. "आता तिला कुणाचा पाय लागणार न्हाई," म्हणाले.

नाताळच्या सकाळी धुकं होतं. आत नव्या चुन्याचा आणि पत्र्याला टांगलेल्या कागदी चांदण्यांच्या खळीचा वास, बायकांच्या अंगावर कडक नव्या साड्या, घराघरांतून आलेले करंज्यांचे डबे मागच्या टेबलावर. बाकं भरली, मग दाराशी उभी राहिली माणसं. शेवटच्या बाकावर रफीकचाचा बेगमला घेऊन बसले होते, अंगात ईदची शेरवानी.

पाळकसाहेबांनी खूण केली. बाराजण मंचावर चढले. मला त्यांची पावलं एकेक करून ऐकू येत होती. रूथमावशी मुद्दाम त्याच फळीवर जाऊन उभ्या राहिल्या, दोन्ही पाय रोवून, आणि माझ्याकडे पाहून त्यांनी मान हलवली. हात थरथरत होते. थरथरू देत म्हटलं. मी डाव्या पायानं सगळ्यात लांब पट्टी दाबली.

तो आला. स्वच्छ, भरदार, जमिनीतून वर चढत आलेला, काचा हलवत. त्यावर मी दोन्ही हातांनी सूर उघडले आणि बाराजणांनी छाती भरून गायला सुरुवात केली. गुरुजींचा खर्ज माझ्या पायांतल्या सुराला येऊन मिळाला आणि मग कोणता माणसाचा नि कोणता यंत्राचा हे मला वेगळं करता येईना. पहिलं कडवं संपेस्तोवर बाकंही गायला लागली होती. दाराबाहेर उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केल्याचं मला कळलं, कारण दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत खिडकीतून त्याचा आवाज आला, "आजून एक होऊ द्या!"

उपासना संपली, आशीर्वाद झाला. अशा वेळी लोक उठतात, गळाभेटी होतात, चपला शोधतात. त्या दिवशी कुणी उठलंच नाही. मागून कुणीतरी एका जुन्या भजनाचं नाव घेतलं, मी वाजवलं. पुढून दुसरं आलं. मग मंचावरून तिसरं. ढोलकीवाला ढोलकी घेऊन ऑर्गनपाशी येऊन बसला आणि दोन्ही वाद्यं पहिल्यांदाच एकत्र वाजली. ऊन खिडकीतून बाकांवर आलं, बाकांवरून फरशीवर उतरलं. माझ्या बोटांची टोकं तापली होती, मोज्यांना भोकं पडली होती.

शेवटी पाळकसाहेब मंचासमोर येऊन हात जोडून उभे राहिले. "अहो, आता पुरे करा. बाहेर पंगत मांडलीय, जेवण थंड होतंय!"

"होऊ द्या थंड!" रूथमावशी वरून ओरडल्या, आणि पुढचं कडवं माझी वाट न बघता त्यांनीच उचललं.